हजारे गेले, करंडकही गेला? खेळाडूंच्या देवघेवीची एक जुनी गोष्ट

पुणे, १९३९-४० चा रणजी हंगाम. सामना महाराष्ट्र विरुद्ध बडोदा. सांगलीच्या एका शाळामास्तरांचा चोवीस वर्षांचा मुलगा खेळपट्टीवर ठाण मांडून बसला आहे. आठ गडी बाद झाल्यावर त्याने नोशिरवान नगरवाला यांच्या साथीने नवव्या गड्यासाठी २४५ धावा जोडल्या. डाव संपला तेव्हा त्याच्या नावापुढे नाबाद ३१६ धावा होत्या. हे विजय सॅम्युएल हजारे.

१९४१-४२ च्या हंगामात हेच हजारे बडोद्याकडून खेळू लागले. ज्या संघाला त्यांनी पुण्यात घाम फोडला होता, त्याच संघाने त्यांना आपल्याकडे नेले.

आज कोणताही संघ, मग तो हॉकीचा असो, क्रिकेटचा असो वा कबड्डीचा, ओळीने हरू लागला की एक वाद हमखास उफाळतो. मोठे खेळाडू देऊन टाकावेत आणि त्यांच्या मोबदल्यात चार तरुण घ्यावेत, की उलट आणखी एखादा मोठा मोहरा आणावा? हा वाद लिलावांच्या आणि फ्रँचायझींच्या काळात जन्मला असा समज आहे. तो तितकासा खरा नाही. मराठी संस्थानांच्या काळात हा व्यवहार राजरोस चालत होता. फक्त त्याला व्यवहार म्हणत नसत.

त्याला नोकरी म्हणत.

त्या काळी क्रिकेटपटू किंवा हॉकीपटू खेळण्याचा उघड पगार घेत नसे. खेळाडू हौशी असावा, ही त्या काळची प्रतिष्ठा होती. पण पोट हौशी नसते. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी मल्ल होते, बडोद्याच्या दरबारी उस्ताद फैयाज खाँ होते. त्याच रीतीने खेळाडूही पदरी बाळगले जाऊ लागले. कागदावर हुद्दा लष्करातल्या कॅप्टनचा किंवा महाराजांच्या एडीसीचा असे आणि काम मैदानावरचे असे. नागपूरचे सी. के. नायडू १९२३ मध्ये इंदूरला गेले ते तुकोजीराव होळकरांच्या बोलावण्यावरून, आणि होळकरांच्या फौजेत अधिकारी झाले. भारतीय क्रिकेटचा पहिला कर्णधार ‘कर्नल’ म्हणून ओळखला जातो, त्या बिरुदाचे मूळ इथे आहे.

हॉकीतही हेच होते. ध्यानचंद यांचे धाकटे बंधू रूपसिंग शिंद्यांच्या ग्वाल्हेरला नोकरीला गेले आणि तिथलेच झाले. आज त्या शहरातले मोठे मैदान त्यांच्या नावाने ओळखले जाते. महूचे किशनलाल आधी इंदूरच्या कल्याणमल गिरणीत होते, मग टीकमगढच्या भगवंत क्लबात गेले आणि १९४१ मध्ये मुंबईच्या बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत आले. गिरणी, संस्थान, रेल्वे अशी तीन घरे फिरलेला हा खेळाडू १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या पहिल्या हॉकी संघाचा कर्णधार होता. नोकरी बदलली की संघ बदले, आणि आधीच्या संघाच्या हाती काही उरत नसे.

आजच्या देवघेवीत आणि त्या काळच्या व्यवहारात खरा फरक हाच आहे. आज एक संघ खेळाडू देतो तेव्हा बदल्यात दुसरा खेळाडू किंवा पैसा घेतो. महाराष्ट्राने हजारे दिले आणि बदल्यात काहीच घेतले नाही, कारण मुळात ‘दिले’ हेच खरे नाही. ते गेले.

महाराष्ट्र तेव्हा पडका संघ होता का? मुळीच नाही. दिनकर बळवंत देवधर, म्हणजे पुण्याच्या स. प. महाविद्यालयातले संस्कृतचे प्राध्यापक, या संघाचे कर्णधार होते. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० मध्ये पुण्यात संयुक्त प्रांताला आणि १९४०-४१ मध्ये मद्रासला जाऊन मद्रासलाच हरवून सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध देवधरांनी स्वतः २४६ धावा काढल्या. वय अठ्ठेचाळीसच्या पुढे. पण या संघामागे राजवाडा नव्हता. पुण्यात मैदान होते, महाविद्यालये होती, जिद्द होती. उत्तम फलंदाजाला जन्मभर पोसेल अशी नोकरी मात्र दुर्मीळ होती.

हजारे यांच्या बाजूनेही हे पाहायला हवे. आठ भावंडांचे घर, वडील शिक्षक. जतच्या संस्थानिकांनी ऑस्ट्रेलियाचे फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांना बोलावले म्हणून या तरुणाला त्यांचे मार्गदर्शन मिळाले. देवासच्या महाराजांनी पदरी ठेवले म्हणून घर चालले. पुढे बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांकडे जाणे ही बेइमानी नव्हती, ती रीत होती. ज्यांनी पुढे हजारे यांना ‘पळवले’ असे लिहिले, त्यांनी पुण्यात त्यांच्यासाठी कोणती नोकरी ठेवली होती, हेही लिहायला हवे होते.

बडोद्याला या व्यवहाराचे फळ लगेच मिळाले. १९४२-४३ मध्ये सिकंदराबादला हैदराबादचा पराभव करून बडोद्याने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. (त्या काळचा नकाशा डोळ्यांपुढे आणला तर यात एक गंमत आहे. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात परभणी जिल्ह्यात होती. एके काळी हैदराबाद कंटिंजंटची मोठी छावणी तिथे होती. म्हणजे हिंगोलीकर मराठी माणसाचा ‘आपला’ संघ त्या अंतिम सामन्यात हरलेला हैदराबाद, आणि जिंकलेल्या संघाचा आधारस्तंभ सांगलीचा.)

मार्च १९४७ मधला बडोद्याचा अंतिम सामना तर या सगळ्या पद्धतीचे दर्शनच आहे. समोर इंदूरचा होळकर संघ. बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत गेले. मग हजारे आणि लाहोरहून आलेले गुल महंमद यांची जोडी जमली, आणि चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा झाल्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८. होळकरांचे दोन डाव मिळून ३७५ धावा झाल्या. बडोद्याचा एकच डाव ७८४ चा. कोणत्याही गड्यासाठीच्या भागीदारीचा हा जागतिक विक्रम २००६ मध्ये संगकारा आणि जयवर्धने यांनी मोडेपर्यंत टिकला. एक सांगलीचा, एक लाहोरचा, आणि विक्रम बडोद्याच्या नावावर. पाच महिन्यांनी फाळणी झाली. गुल महंमद पुढे पाकिस्तानकडूनही कसोटी खेळले.

मग उत्तर सोपे झाले का? मोठा खेळाडू आणा आणि करंडक न्या? इथे हजारे यांचीच दुसरी एक खेळी आठवावी लागते.

१९४३-४४ चा मुंबईतला पंचरंगी सामना. हजारे ख्रिस्ती असल्याने ‘इतरांच्या’ संघात. हिंदू संघाने पाच गडी गमावून ५८१ धावांवर डाव सोडला. विजय मर्चंट नाबाद २५०. इतरांचा पहिला डाव १३३ वर आटोपला. दुसऱ्या डावात हजारे यांनी ३०९ धावा काढल्या. संघाच्या एकूण धावा ३८७. त्यांनी धाकटे बंधू विवेक यांच्यासह ३०० धावांची भागीदारी केली, त्यात विवेक यांचा वाटा २१ धावांचा. बाकीचे संघसहकारी जवळजवळ प्रेक्षकच होते. आणि निकाल? इतरांचा संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला.

एकट्या माणसाने याहून अधिक काय करायचे असते? बडोद्यात हजारे यांच्याभोवती पुण्याचेच हेमू अधिकारी होते, लाहोरचे अमीर इलाही होते. तिथे ते संघाचा कणा ठरले. मुंबईच्या त्या सामन्यात कण्याभोवती शरीरच नव्हते.

होळकर संघाची कथा याहून बोधक आहे. यशवंतराव होळकरांनी नायडूंच्या हाती अक्षरशः फौज दिली: मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर. युद्धामुळे भारतात असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टनसुद्धा १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात होळकरांकडून खेळले आणि नाबाद २४९ धावा काढून गेले. तरीही मुंबई जिंकली. पुढच्याच हंगामात म्हैसूरविरुद्ध होळकरांनी आठ बाद ९१२ धावा केल्या, त्यात सहा शतके. त्या सहांपैकी एक निंबाळकरांचे. हेच निंबाळकर डिसेंबर १९४८ मध्ये महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढतात आणि काही काळाने पुन्हा होळकरांकडे दिसतात. प्रथम श्रेणीतली भारतीयाची सर्वोच्च धावसंख्या आजही त्यांचीच आहे. (त्यांना एकही कसोटी मिळाली नाही, हे वाचून आजही चुटपुट लागते.)

होळकर संघाने चार वेळा रणजी जिंकली. पण ज्या खजिन्यावर तो उभा होता, तो संस्थानाच्या विलीनीकरणानंतर संस्थानिकाचा उरला नाही. १९५५ च्या सुमारास संघाचे नाव गेले, त्याच्या जागी मध्य भारत आणि पुढे मध्य प्रदेश आला. मध्य प्रदेशाला पहिला रणजी करंडक मिळायला २०२२ साल उजाडावे लागले. आणलेली माणसे पांगली आणि त्यांच्या मागे दुसरी फळी नव्हती.

याउलट मुंबई. तिथे राजा नव्हता. पण हॅरिस आणि जाइल्स ढालींच्या शालेय स्पर्धा होत्या, १९४८ पासून पावसातली कांगा लीग होती, आणि टाटा, मफतलाल, निरलॉन, स्टेट बँक यांसारख्या कचेऱ्या होत्या. खेळाडूला नोकरी तिथेही मिळत होती, पण एका महाराजांच्या मर्जीवर नव्हे. एक कचेरी बंद झाली तर दुसरी होती.

या दोन पद्धतींची कसोटी १९७०-७१ च्या रणजी अंतिम सामन्यात लागली. सामना ब्रेबॉर्न मैदानावर, मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. मुंबईचे अजित वाडेकर, दिलीप सरदेसाई, सुनील गावसकर, एकनाथ सोलकर आणि अशोक मंकड हे पाचही जण भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजमध्ये होते. महाराष्ट्राचा एकही खेळाडू त्या दौऱ्यावर नव्हता. चंदू बोर्डे, जे स्वतः पुण्याचे असूनही कित्येक वर्षे बडोद्याकडून खेळून परतले होते, ते महाराष्ट्राकडे होते. चेतन चौहान होते. तीस वर्षांत एवढी चांगली संधी आली नव्हती. मुंबईचे नेतृत्व सुधीर नाईक यांच्याकडे आले, आणि मुंबई ४८ धावांनी जिंकली. सलग तेरावा करंडक.

पाच तारे नसताना जिंकलेला हा संघ आणि हजारे गेल्यावर हरत राहिलेला महाराष्ट्र, दोन्ही एकाच भाषेच्या मुलखातले, एकमेकांपासून चार तासांच्या आगगाडीच्या अंतरावर. महाराष्ट्र एका माणसाच्या जाण्याने खचला असे म्हणणे हजारे यांचा गौरव असेल, पण इतिहास म्हणून ते अपुरे आहे. अधिकारी बडोद्याला गेले होते, निंबाळकर ये-जा करत राहिले, बोर्डे गेले आणि आले. १९७५ मध्ये चेतन चौहानही दिल्लीला गेले. पुणे खेळाडू घडवत होते आणि दुसऱ्यांना पुरवत होते, मोबदल्याविना. पडत्या संघाने तारा सोडावा की नाही, हा प्रश्न त्यामुळे दुय्यम ठरतो. सोडल्यावर घरात काय येते आणि मागे कोण उभे आहे, हे आधी पाहावे लागते.

मागे कोण उभे होते, याचे एक उत्तर १९४४-४५ च्या धावफलकात आहे. हजारे जाऊन तीन हंगाम लोटले होते. नवानगरविरुद्धच्या सामन्यात महाराष्ट्रासाठी दोन्ही डावांत एकाच फलंदाजाने शतक ठोकले: १०५ आणि १४१. फलंदाज देवधर. वय ५२. क्रीडारसिक ही खेळी कौतुकाने सांगतात आणि ती कौतुकाचीच आहे. पण बावन्न वर्षांच्या प्राध्यापकाला संघ ओढावा लागतो, यात त्या संघाविषयी जे सांगितले जाते, ते कौतुकात हरवून जाते.

आज नकाशा बदलला आहे. १९४८ मध्ये निजामाचे राज्य संपले, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा हिंगोली जिल्हा निघाला. हिंगोलीत चेंडू टाकणाऱ्या मुलाचा रणजी संघ आता हैदराबाद नाही, महाराष्ट्र आहे. १९४०-४१ नंतर या संघाने १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये अंतिम सामना गाठला. करंडक तिन्ही वेळा दुसऱ्याने नेला. २०२५ मध्ये मुंबईचा पृथ्वी शॉ महाराष्ट्राकडे आला, म्हणजे या वेळी येणारी वाट पुण्याकडे वळली.

हजारे मात्र बडोद्याचेच राहिले. २००४ मध्ये त्यांचे निधन तिथेच झाले. राष्ट्रीय एकदिवसीय स्पर्धेला त्यांचे नाव आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचा संघ त्या विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला होता. अहमदाबादेत नऊ बाद २४८ धावा झाल्या, त्यांतल्या १०८ एकट्या ऋतुराज गायकवाडच्या. सौराष्ट्राने पाच गडी राखून सामना जिंकला.