ॲब्लेट, गॅरी (कनिष्ठ)

ॲब्लेट, गॅरी (कनिष्ठ) : (१४ मे १९८४ – ). ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधील मिडफिल्डर. जिलाँग (२००२–१०, २०१८–२०) आणि गोल्ड कोस्ट सन्स (२०११–१७) या संघांकडून एकूण ३५७ सामने. ब्राउनलो पदक २००९ व २०१३. विजेतेपदे २००७ व २००९, दोन्ही जिलाँगकडून. २००७ ते २०१४ अशी सलग आठ वर्षे ऑल-ऑस्ट्रेलियन संघात निवड. कारकिर्दीत १,०३१ गोल करणारा फॉरवर्ड गॅरी ॲब्लेट (ज्येष्ठ) हा त्याचा पिता.

कनिष्ठ ॲब्लेटची थोरवी सांगताना बहुतेक ठिकाणी पदकांपासून सुरुवात होते. पण पदके कोण देतो आणि कुठून पाहून देतो, हे आधी पाहायला हवे. लंबगोल मैदानावर दोन्ही बाजूंचे अठरा-अठरा खेळाडू असतात. मधल्या वर्तुळात पंच चेंडू वर उडवतो (२०२५ पर्यंत तो जमिनीवर आपटत असे), दोन उंच रकमन उडी मारतात आणि त्यांच्या पायाशी पडलेला चेंडू उचलून लाथेने किंवा मुठीच्या ठोशाने पुढे धाडणे हे मिडफिल्डरचे काम. चेंडू जिथे, तिथे तो. ब्राउनलो पदकासाठी प्रत्येक सामन्यानंतर मैदानावरचे पंच तीन, दोन व एक अशी मते देतात, आणि पंचही चेंडूमागेच धावत असतात. त्यामुळे मते मधल्या फळीकडे झुकतात हे उघड आहे. गोलपुढे उभा राहणारा फुल-फॉरवर्ड हे पदक जिंकल्याचे शेवटचे उदाहरण १९८७ च्या टोनी लॉकेटचे, आणि तेही विभागून. १९८९ च्या अंतिम सामन्यात हरणाऱ्या बाजूकडून नऊ गोल करून सामनावीर ठरलेल्या ज्येष्ठ ॲब्लेटला ब्राउनलो एकदाही मिळाले नाही, मुलाला दोनदा मिळाले. म्हणून मुलगा बापापेक्षा मोठा, असे कोणी जाणकार म्हणणार नाही. तेव्हा पुरावा दुसरीकडे शोधावा लागतो. प्रस्तुत नोंदीच्या मते तो जिलाँगच्या सुवर्णकाळापेक्षा गोल्ड कोस्टच्या पराभवांत अधिक सापडतो.

२००१ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) जिलाँगने, वडील याच संघाचे खेळाडू असल्याने, पिता-पुत्र नियमाखाली त्याला चाळिसाव्या क्रमांकावर घेतले. त्याच ड्राफ्टमधून जिमी बार्टेल, जेम्स केली आणि स्टीव्ह जॉन्सन हेही जिलाँगला मिळाले, म्हणजे पुढच्या दशकाचा संघच एका दिवसात उभा राहिला. पहिली पाच वर्षे ॲब्लेट मुख्यतः गोलजवळचा चपळ, छोटेखानी फॉरवर्ड होता. चांगला, पण मेहनतीत कमी. २००६ च्या हंगामानंतर सहकाऱ्यांनीच त्याला हे तोंडावर सुनावले, असे त्या संघाविषयीच्या लिखाणात वारंवार येते. एका बैठकीने खेळाडू बदलतो ही कथा सोयीची आहे. तो आता पूर्णवेळ मधल्या फळीत गेला, हे कारणही तितकेच वजनदार मानले पाहिजे. २००७ मध्ये जिलाँगने पोर्ट ॲडलेडला ११९ गुणांनी हरवून १९६३ नंतरचे पहिले विजेतेपद मिळवले. त्या वर्षीचे ब्राउनलो बार्टेलला आणि पुढच्या वर्षीचे ॲडम कूनीला गेले. मात्र खेळाडू संघटनेतर्फे खेळाडूंच्याच मतांनी दिला जाणारा ली मॅथ्यूज करंडक दोन्ही वर्षी ॲब्लेटला मिळाला. ज्यांना त्याच्याशी अंगाला अंग भिडवून झगडावे लागत होते, त्यांचे मत पंचांच्या दोन वर्षे आधीच ठरले होते.

२००९ मध्ये पंचही सहमत झाले (तीस मते, दुसऱ्या क्रमांकावरील ख्रिस जडला बावीस). त्याच वर्षी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर सेंट किल्डाविरुद्धच्या अंतिम सामन्यात शेवटच्या सत्रात गुण बरोबरीत होते. मैदानाच्या मध्यावर बचावपटू मॅथ्यू स्कार्लेटने चेंडू उचलायच्या फंदात न पडता बुटाच्या टोकाने पुढे ढकलला. तो ॲब्लेटच्या हाती आला आणि त्याने तो तसाच लांब गोलकडे भिरकावला. पुढच्या झटापटीतून पॉल चॅपमनचा गोल झाला. जिलाँग बारा गुणांनी जिंकले. आठवणीत राहिला तो स्कार्लेटचा बूट. ॲब्लेटची लाथ त्या क्षणचित्रात जेमतेम दिसते.

२०१० च्या हंगामानंतर तो गोल्ड कोस्ट या नव्या संघात पहिला कर्णधार म्हणून गेला. या निर्णयामागे पैसा किती आणि बापाच्या सावलीतून सुटण्याची इच्छा किती, यावर बरीच चर्चा झाली आहे. तिचा निवाडा येथे करता येत नाही. नवा संघ पहिलाच सामना ११९ गुणांनी हरला. २०११ मध्ये बावीसपैकी तीन विजय, २०१२ मध्ये पुन्हा तीन, २०१३ मध्ये आठ. टीकाकारांचा आक्षेप येथूनच सुरू होतो: दुबळ्या संघात सगळा चेंडू एकाच्याच हाती येतो, आकडे फुगतात आणि पंचांना दुसरे नाव आठवत नाही. आक्षेपाचा पहिला भाग काही अंशी मान्य करावा लागतो. २०१२ मध्ये कॉलिंगवूडविरुद्ध त्याने ५३ वेळा चेंडू पुढे दिला आणि तरी संघ हरला. हा आकडा विक्रमांच्या याद्यांत ज्या थाटाने मिरवतो, तितके मोल त्याला देण्याचे कारण नाही.

दुसरा भाग मात्र तपासाला टिकत नाही. पंचांची मते एका संघापुरती नसतात, मैदानावरच्या दोन्ही संघांतून तिघेच निवडायचे असतात, आणि स्वाभाविकच जिंकणाऱ्यांना झुकते माप मिळते. २०१२ मध्ये ॲब्लेटला २४ मते मिळाली. संघाचे विजय तीन, म्हणजे विजयांतून जास्तीत जास्त नऊ मते शक्य. उरलेली किमान पंधरा मते पराभूत बाजूकडून खेळताना, जिंकलेल्या संघातील खेळाडूंना मागे सारून मिळवलेली होती. (त्या वर्षीचे पदक जोब वॉटसनला मिळाले. त्याच्या एसेंडन संघाच्या औषधप्रकरणानंतर २०१६ मध्ये ते ट्रेंट कॉचिन व सॅम मिचेल यांच्याकडे गेले. ॲब्लेटच्या मतांवर त्याचा परिणाम नाही.) शिवाय जिलाँगमध्ये बार्टेल, केली, जोएल कोरी असे अनेक असल्याने प्रतिस्पर्ध्यांचे लक्ष वाटले जाई. गोल्ड कोस्टमध्ये पाळतीवर ठेवलेला टॅगर नेहमी त्याच्याच अंगावर. तरीही २०१२ व २०१३ मध्ये ली मॅथ्यूज करंडक त्यालाच मिळाला. २०१३ चे ब्राउनलो त्याने २८ मतांनी, जोएल सेलवूडहून एका मताने पुढे राहून, जिंकले.

यावर सर्वांत अडचणीचा प्रश्न असा की, तो इतका मोलाचा होता तर त्याच्याविना जिलाँग २०११ मध्ये विजेता कसा झाला? उत्तर हे की, त्या विजयातून जिलाँगची खोली सिद्ध होते, ॲब्लेटची उणीव नव्हे. संघातला फरक मोजायचा तर जिथे दुसरा पर्याय नव्हता तिथे मोजावा. २०१४ मध्ये गोल्ड कोस्ट प्रथमच बाद फेरीच्या आवाक्यात होते. जुलैत कॉलिंगवूडविरुद्ध त्याचा खांदा निखळला, हंगाम तिथेच संपला आणि संघ दहा विजयांवर, बाराव्या स्थानी अडकला. दुसऱ्या खेळाडूंच्या दुखापतीही यात आहेत, म्हणून या दाखल्यावर सगळा भार टाकता येत नाही. पण तो उलट बाजूला नक्कीच जात नाही.

त्यानंतरची वर्षे दुखापतींची. कर्णधारपद २०१६ पर्यंत. २०१८ पासून पुन्हा जिलाँगकडून, आता बहुतांशी गोलजवळ. शेवटचा सामना २४ ऑक्टोबर २०२० रोजी ब्रिस्बेनच्या गाबावर, व्हिक्टोरियाबाहेर झालेला पहिला अंतिम सामना. (मराठी वाचकांना हे मैदान माहीत आहे ते तीनच महिन्यांनी अजिंक्य रहाणेच्या संघाने तिथे जिंकलेल्या कसोटीमुळे.) पहिल्याच सत्रात खांदा पुन्हा दुखावला. तरी तो परत मैदानात उतरला. रिचमंड ३१ गुणांनी जिंकले.

कौटुंबिक : विवाहित. धाकटा भाऊ नेथन २००७ च्या विजेत्या संघात.