कर्ज आधी फेडायचा हक्क: सुप्याच्या बाजारापासून तुमच्या होमलोनपर्यंत

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न एकच होता: होमलोन लवकर फेडून मोकळं व्हावं, की तेच पैसे एसआयपीत टाकून पन्नाशीच्या आत नोकरीला रामराम ठोकावा? त्याचं गणित आज करूच. पण त्याआधी एक गोष्ट बघू, जी आपण सगळे गृहीत धरतो. ॲप उघडलं, 'पार्ट पेमेंट'वर बोट ठेवलं, लाखभर रुपये भरले, मुद्दल कमी झालं. यात विशेष ते काय, असं वाटतं. या बटणामागे मोठा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या पुणे-नगर भागात घडलाय.

बारामती तालुक्यातलं सुपे गाव माहितीय ना? शहाजीराजांच्या जहागिरीतलं. इंग्रजी अमलात ते भीमथडी तालुक्यात मोडायचं. 12 मे 1875, आठवडी बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतून जमलेले शेतकरी सावकारांच्या दुकानांकडे वळले. त्यांना हवी होती खतं, म्हणजे कर्जरोखे, गहाणखतं, कोर्टाचे हुकूमनामे. घरं-दुकानं लुटलीही गेली, पण नंतर सरकारने नेमलेल्या आयोगाने एक गोष्ट स्पष्ट नोंदवून ठेवली: बहुतेक ठिकाणी सावकाराने कागद काढून दिले की त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. कागद घ्यायचे, चौकात आणायचे, जाळायचे. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं आणि साडेनऊशेच्या आसपास माणसं पकडली गेली. इतिहासाच्या पुस्तकात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

आता प्रश्न असा, की राग कागदावर का?

कारण कर्ज किती उरलंय हे फक्त त्या कागदाला माहीत होतं. शेतकऱ्याला नाही. तो अंगठा उठवायचा, वाचता यायचं नाही. धान्य नेऊन घालायचा, पण त्याची पावती मिळेलच असं नाही. भाव किती धरला, व्याजात किती गेले, मुद्दलात किती, हे सगळं सावकाराच्या वहीत.

त्यात सरकारने एक चांगल्या हेतूचा कायदा केला आणि तो नेमका उलटा बसला. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावर दावा लावायची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू हा, की सावकाराने जुनी खतं वर्षानुवर्षं डोक्यावर टांगून ठेवू नयेत. झालं काय? दर तीन वर्षांनी सावकार नवं खत लिहून घ्यायला लागला. थकलेलं व्याज मुद्दलात मिसळायचं आणि त्या मोठ्या मुद्दलावर पुन्हा व्याज. आज क्रेडिट कार्डवर 'मिनिमम ड्यू' भरत राहणाऱ्याचं जे होतं तेच, फक्त तीन वर्षांच्या पट्टीने.

याआधी आपल्याकडे दामदुप्पट नावाचा नियम होता, मनुस्मृतीइतका जुना. एका वेळी वसूल करायचं थकीत व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. मुंबई हायकोर्टानेही हिंदू कर्जदारांसाठी तो मानला. पण दर तीन वर्षांनी मुद्दलच नवं लिहिलं जात असेल, तर दुप्पट कशाची मोजणार?

बाकी कारणं तुम्ही शाळेत वाचली असतील, म्हणून पटकन सांगतो. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध, कापसाला सोन्याचा भाव, सावकार हात सैल सोडून कर्ज देतोय. युद्ध संपलं, भाव पडला. त्याच सुमारास 30 वर्षांची जुनी शेतसारा आकारणी संपून नवी आली, आणि अनेक ठिकाणी सारा दीडपटीच्या आसपास गेला. सारा रोखीत भरायचा, रोख सावकाराकडे, आणि सावकारानेही आता नवं कर्ज द्यायला हात आखडता घेतलेला. तरीही, माझ्या मते, नुसत्या गरिबीने लोक कागद जाळत नाहीत. फेडायचा रस्ताच दिसत नाही तेव्हा जाळतात.

चार वर्षांनी, 1879 साली, सरकारने दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आणला. सुरुवातीला फक्त पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं, हे ठळक कलम. पण मला त्यातली कमी प्रसिद्ध कलमं जास्त महत्त्वाची वाटतात. एक म्हणजे, कोर्टाने खतावरचा आकडा डोळे झाकून मानायचा नाही. व्यवहाराच्या मुळापर्यंत जायचं, पहिल्यांदा हातात किती पैसे पडले ते विचारायचं आणि हिशेब नव्याने मांडायचा. दुसरं, शेतकऱ्याने पैसे भरले की लेखी पावती द्यायची. त्याने मागितलं तर वर्षाचा हिशेब द्यायचा. पासबुक भरून द्यायचं. म्हणजे लोन स्टेटमेंट हा हक्क आपल्याकडे एका दंग्यानंतर आला!

सावकारांनीही वाट काढली. गहाणखत लिहिलं की कोर्ट हिशेब मागतं, मग सरळ खरेदीखतच लिहून घ्यायचं. 'पैसे दे आणि जमीन परत घे' हा शब्द फक्त तोंडी. खेड्यांत मुदतखरेदी हा शब्द अजून ऐकू येतो, तो याच जातकुळीतला. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि कागदावर खरेदी दिसली तरी मूळ व्यवहार गहाणाचा होता का, हे तपासायची मुभा कोर्टाला मिळाली. कायदा एक दार लावतो, समोरचा खिडकी उघडतो. हा खेळ शंभर वर्षांनी बँकांनीही खेळला, तिकडे येतोच.

त्याआधी गहाणाच्या मोठ्या कायद्यातली एक गंमत. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम 60. गहाण सोडवायचा हक्क यातच आहे, आणि करारात काहीही लिहून घेतलं तरी तो कायमचा मारता येत नाही. मूळ विचार इंग्लंडच्या कोर्टांतला: गहाण ते गहाणच, मुदत चुकली म्हणून ते आपोआप विक्री होत नाही. पण कलम नीट वाचा. हा हक्क सुरू होतो रक्कम देय झाल्यावर. म्हणजे मुदत भरल्यावर! मुदतीआधी पैसे आणून 'घे आणि मोकळं कर' म्हणायचा सरसकट हक्क त्यात नाही.

मग मुदतच 99 वर्षांची लिहिली तर? हे मी कल्पनेने सांगत नाही. कच्छमध्ये अशी गहाणं खरोखर होती. गरजेला थोडे पैसे घेतले, आणि घर सोडवायचं नातवाने. असं एक प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1988 साली कोर्टाने म्हटलं, की इतकी लांब मुदत म्हणजे सोडवण्याच्या हक्काला घातलेला अडसर आहे. अडलेल्या माणसाने सही केली म्हणून तो करार न्याय्य ठरत नाही.

आता शहरात येऊ. 1977 पर्यंत पगारदार माणूस घर बांधायचा ते बहुतेक निवृत्तीच्या वेळी, फंडाच्या पैशांतून. त्या वर्षी हसमुखभाई पारेखांनी मुंबईत एचडीएफसी काढली. आयसीआयसीआयमधून निवृत्त झालेला साठी ओलांडलेला माणूस, तिशीतल्यांना घर घेता यावं म्हणून नवी कंपनी काढतो. घर आधी, पैसे नंतर, हा आपल्या मध्यमवर्गासाठी उलटा क्रम होता. 'ऋण काढून सण' याला नावं ठेवणाऱ्या घरांत वीस वर्षांचं कर्ज शिरलं, आणि हळूहळू तेच प्रतिष्ठेचं झालं.

पण आधी फेडायचं म्हटलं की दंड. उरलेल्या रकमेवर दोन टक्के, कुठे त्याहून जास्त. विशेषतः दुसऱ्या बँकेत कर्ज हलवायचं असेल तर. नव्या गिऱ्हाइकाला स्वस्त दर, जुन्याला महाग, आणि जुना निघाला की दाराशी दंड. याविरुद्ध तक्रार स्पर्धा आयोगाकडे गेली. 2010 साली आयोगाने बहुमताने सांगितलं, की यात स्पर्धा कायद्याचा भंग नाही. तिथेच विषय संपला असता. पण 2011 मध्ये दामोदरन समितीने बँकांच्या ग्राहकसेवेवरच्या अहवालात या दंडावर बोट ठेवलं, त्याच वर्षी नॅशनल हाउसिंग बँकेने गृहवित्त कंपन्यांना तो बंद करायला लावला, आणि जून 2012 मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना सांगितलं: फ्लोटिंग दराच्या होमलोनवर आधी फेडण्याचा दंड नाही. तुमच्या ॲपमधलं ते बटण फुकट आहे ते तेव्हापासून. फिक्स्ड दराचं कर्ज असेल तर मात्र करार उघडून बघा.

आता कबूल केलेलं गणित. 50 लाख, 20 वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता येतो साधारण 43,400 रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले जवळपास 35,400 व्याजात जातात, मुद्दल हलतं जेमतेम 8,000 ने. दहा वर्षं, एकही हप्ता न चुकवता भरल्यावर किती उरतं? 25 लाख नाही. जवळपास 35 लाख. वीस वर्षांत एकूण भरणा 1 कोटी 4 लाखांच्या आसपास. (दामदुप्पट झालं की, म्हणून कोर्टात धावू नका. तो नियम एका वेळी थकलेल्या व्याजाचा आहे, वेळोवेळी भरलेल्या व्याजाचा नाही.)

आणि दर वर्षी फक्त एक जास्तीचा हप्ता भरला तर? तीन वर्षांहून जास्त आधी सुटका. तोच पैसा सुरुवातीच्या वर्षांत टाकला तर परिणाम मोठा, शेवटच्या वर्षांत टाकला तर किरकोळ, कारण तोवर व्याज भरून झालेलं असतं.

एसआयपीवाले म्हणतील, शेअर बाजार बारा टक्के देतो, साडेआठचं कर्ज कशाला फेडायचं? मिळतील बारा, कदाचित. पण बाजाराचे बारा कुणी लिहून देत नाही, आणि वाचलेलं साडेआठ टक्के व्याज मात्र पक्कं असतं. शिवाय नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, त्यामुळे 'टॅक्स वाचतो म्हणून कर्ज ठेवा' हा सल्ला अनेकांसाठी शिळा झालाय. माझं मत विचाराल तर: आधी सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा, मग पहिल्या सात-आठ वर्षांत कर्जावर जोर लावा आणि सोबत छोटी का होईना एसआयपी चालू ठेवा. नोकरी सोडायचं स्वातंत्र्य हवं असेल, तर महिन्याला 43,000 चा बांधील खर्च नसणं हीच त्याची पहिली पायरी आहे. हप्ता नसलेल्या माणसाला निवृत्तीसाठी लागणारा निधीच कितीतरी लहान असतो.

शेवटचा हप्ता भरलात, की लगेच पेढे वाटू नका. कागद! डिसेंबर 2023 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांच्या आत मूळ दस्तऐवज परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई तुम्हाला. बँकेकडून 'नो ड्यूज' पत्र घ्या, परत आलेल्या दस्तांची पानं यादीशी ताडून बघा, सेरसाईवरची नोंद बंद झाली का विचारा. गावाकडची जमीन गहाण असेल तर तलाठ्याकडे अर्ज करून सातबाऱ्याच्या इतर हक्कांतून बँकेचं नाव कमी करून घ्या, आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.