जॉर्जियाच्या कौंट्या आणि मताचे मोल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागात, फ्लॉरिडाच्या उत्तरेस, जॉर्जिया हे राज्य आहे. क्षेत्रफळाने ते महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्मे भरते. महाराष्ट्राचा कारभार ३६ जिल्ह्यांतून चालतो. जॉर्जियात मात्र १५९ कौंट्या आहेत. टेक्सास वगळता इतक्या कौंट्या अमेरिकेच्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात नाहीत. कौंटी आकाराने आपल्या तालुक्याएवढी असली, तरी तिला स्वतःचे न्यायालय असते, शेरीफ असतो आणि कर बसविण्याचा अधिकारही असतो. शेतकऱ्याने सकाळी खेचराची गाडी जुंपून कचेरीच्या गावी जावे, काम उरकावे आणि दिवेलागणीस घरी परतावे, एवढीच कौंटी असावी, असे तेथे परंपरेने सांगतात. ही गोष्ट गोड आहे. परंतु या रेषांमागचा इतिहास तितकासा गोड नाही.

१७३३ च्या फेब्रुवारीत जेम्स ओग्लथॉर्प हा इंग्रज सरदार शंभराहून थोडी अधिक माणसे घेऊन सव्हाना नदीच्या उंच काठावर उतरला. तेथील यामाक्रॉ लोकांचा वृद्ध नायक टोमोचीची याने त्याचे स्वागत केले व जागा दिली. ओग्लथॉर्पने चौक आखून सव्हाना शहर बांधले. त्या आखणीतून पुढे २४ चौक झाले व त्यांपैकी २२ आजही आहेत. गरिबांना कष्टाने जगता यावे, या हेतूने ही वसाहत स्थापिली गेली होती. म्हणून १७३५ मध्ये तेथे गुलामगिरीस बंदी घालण्यात आली. तथापि या औदार्यालाही मर्यादा होत्या. राजाच्या सनदेने सर्वांना उपासनेचे स्वातंत्र्य दिले, मात्र कॅथलिकांना त्यातून वगळले. गुलामगिरीवरील बंदीही फार काळ टिकली नाही. शेजारच्या कॅरोलिनातील मळेवाल्यांची संपत्ती पाहून वसाहतवाल्यांचा धीर सुटला आणि १७५१ पासून गुलाम बाळगण्यास मोकळीक मिळाली.

स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, १७७७ मध्ये, पहिल्या आठ कौंट्या निर्माण झाल्या. त्यांपैकी सात कौंट्यांना वसाहतींची बाजू घेणाऱ्या इंग्रज पुरुषांची नावे मिळाली. युद्ध इंग्रजांशी आणि नावेही इंग्रजांची, ही त्यातील मौज. आठवीचे नाव 'लिबर्टी', म्हणजे स्वातंत्र्य, असे ठेवले गेले. तेथील भाताच्या मळ्यांत राबणारे बहुसंख्य लोक गुलाम होते.

यानंतर कौंट्या पश्चिमेकडे सरकू लागल्या, कारण राज्य क्रीक व चेरोकी लोकांच्या भूमीत सरकत होते. ही भूमी वाटण्याची जॉर्जियाची पद्धत विलक्षण होती. तिची सोडत काढली जाई. १८०५ ते १८३३ या काळात अशा आठ सोडती झाल्या. डालोनेगाच्या परिसरात सोने सापडले, तेव्हा चेरोकींच्या डोंगरांवर सर्वांची दृष्टी गेली. वस्तुतः चेरोकी हे त्या वेळी एक सुसंघटित राष्ट्र होते. सिकोया नावाच्या त्यांच्यातील एका पुरुषाने स्वभाषेची लिपी सिद्ध केली होती. न्यू एकोटा येथे त्यांची राजधानी होती आणि १८२८ पासून तेथून त्यांचे वृत्तपत्र निघत होते. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, चेरोकींच्या भूमीवर जॉर्जियाचे कायदे चालू शकत नाहीत. परंतु त्याच वर्षी जॉर्जियाने त्या भूमीच्या दहा कौंट्या पाडल्या आणि सोडतीत तिचे तुकडे वाटलेही. घरात कुटुंब नांदत असताना त्या घराची चिठ्ठी दुसऱ्याच्या हाती पडत होती. १८३८ मध्ये सैन्याने सुमारे सोळा हजार चेरोकींना पश्चिमेकडे हाकलले. त्यांपैकी अदमासे चार हजार दगावले. 'अश्रूंची वाट' या नावाने तो प्रवास इतिहासात नोंदला गेला आहे.

रिकाम्या केलेल्या या भूमीतून लोहमार्ग आला. १८३७ मध्ये जेथे त्याची शेवटची खुंटी ठोकली गेली, त्या जागेस 'टर्मिनस' एवढेच नाव होते. तीच वस्ती पुढे मार्थसव्हिल झाली आणि १८४५ मध्ये अटलांटा झाली. इतर शहरे मात्र नद्यांनी घडविली: ऑगस्टा सव्हाना नदीवर, मेकन ओकमल्गीवर, कोलंबस चॅटाहूचीवर. या सर्वांचा प्राण कापूस होता. १७९३ मध्ये एली व्हिटनेने सव्हानाजवळच्या एका मळ्यावर सरकी काढण्याचे यंत्र तयार केले आणि कापसाबरोबर गुलामगिरीही फोफावली.

१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली. सव्हानाचा कापूस लँकेशायरला पोहोचेना. त्या टंचाईने मुंबईचा बाजार तेजीत आला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव मिळाला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळला व मुंबईच्या कित्येक पेढ्या बुडाल्या. तत्पूर्वी, १८६४ च्या सप्टेंबरात, जनरल शर्मनने अटलांटा जिंकले, नोव्हेंबरात त्यास आग लावली आणि समुद्राकडे कूच करून डिसेंबरात सव्हाना घेतले. अटलांटा राखेतून उठले व १८६८ मध्ये राज्याची राजधानी बनले.

पुढे कौंट्यांना एक नवेच मोल आले. १९१७ च्या कायद्याने पक्षांतर्गत निवडणुकीत मते मोजण्याची निराळी रीत घातली. तिच्यात माणसे न मोजता कौंट्या मोजल्या जात. सर्वांत मोठ्या आठ कौंट्यांना प्रत्येकी ६ गुण, पुढील तीसांना प्रत्येकी ४ आणि उरलेल्या १२१ कौंट्यांना प्रत्येकी २ गुण, असे एकूण ४१० गुण होते. त्या काळी जॉर्जियात डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी म्हणजेच विजय, असे समीकरण असल्यामुळे खरी निवडणूक हीच होती. यूजीन टॅलमेज या पुढाऱ्याने या रीतीचे मर्म पुरते ओळखले होते. जेथे ट्रामगाडी धावते, त्या कौंटीचे मत आपल्याला नको, असे तो म्हणे, अशी आख्यायिका आहे. १९४६ मध्ये शहरांतील कृष्णवर्णीय नागरिक दीर्घ काळानंतर मोठ्या संख्येने मतदानास आले. टॅलमेजच्या प्रतिस्पर्ध्यास अधिक मते पडली. तरीही गुणांच्या हिशेबाने टॅलमेजच निवडून आला.

१९६० च्या खानेसुमारीत अटलांटा ज्या फुल्टन कौंटीत मोडते, तिची वस्ती ५,५६,३२६ होती आणि तिला ६ गुण होते. एकोल्स कौंटीची वस्ती १,८७६ असून तिला २ गुण होते. म्हणजे एकोल्समधील एका माणसाचे वजन फुल्टनमधील सुमारे ९९ माणसांएवढे होते. फुल्टनच्या जेम्स सँडर्स या मतदाराने याविरुद्ध दाद मागितली. १८ मार्च १९६३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी ही रीत रद्द ठरविली. घर कोठेही असो, मताचे मोल सारखेच, हे तत्त्व तेथे प्रस्थापित झाले.

या निर्णयाची भूमी अन्य मार्गांनीही नांगरली जात होती. अटलांटातील मोअरहाउस कॉलेजचे पुढे २७ वर्षे अध्यक्ष राहिलेले बेंजामिन मेज १९३६ च्या अखेरीस वर्ध्यास गांधीजींना भेटले होते. त्यांच्याच कॉलेजात अटलांटाचा एक विद्यार्थी शिकला. त्याचे नाव मार्टिन लूथर किंग. १९५९ मध्ये किंगही भारतात येऊन गेले.

आज जॉर्जियाची लोकसंख्या एक कोटीवर गेली आहे. २०२० च्या गणनेत फुल्टनमध्ये दहा लाखांहून अधिक, तर टॅलिअफेरो कौंटीत अवघे १,५५९ लोक होते. कोलंबस, ऑगस्टा, मेकन या शहरांनी आपापल्या कौंटीशी कारभार एकत्र केला आहे. खेचराची गाडी केव्हाच गेली. पण १५९ कौंट्या कायम आहेत आणि लहान गावांच्या चौकांत कचेरीची घड्याळे अजून उभी आहेत. त्या रेषा बहुतांशी तशाच राहिल्या. रेषेच्या अलीकडचा आणि पलीकडचा माणूस मतपेटीपुढे सारखाच मोजला जावा, एवढ्यासाठी मात्र जॉर्जियाला १७७७ पासून १९६३ पर्यंत वाट पाहावी लागली.