पलटणीतून परतल्यावर

पाश्चात्त्य दूरचित्रवाणीसाठी बनलेल्या चित्रपटांतील परतलेला सैनिक बहुधा रणांगणावर जे पाहिले ते घेऊन घरात कसे राहावे, या चिंतेने पोखरलेला असतो. महाराष्ट्रातील महार सैनिकापुढचा पेच निराळा होता; पलटणीत हवालदार, सुभेदार म्हणून ज्याचा हुकूम चाले, तो गावाच्या वेशीवर येताच पुन्हा अस्पृश्य ठरे आणि वतनाची, म्हणजे वंशपरंपरेने ठरलेली गावकीची कामे त्याची वाट पाहत असत. अनेक निवृत्त सैनिक मूळ गावी न जाता दापोलीसारख्या छावणीच्या जागी पेन्शनवर स्थायिक झाले, त्याचे एक कारण हेच असावे.

लष्करात मुलांसाठी शाळा होत्या आणि शिपायालाही अक्षरओळख होई. पलटणीने दिलेले हेच सर्वांत टिकाऊ वेतन म्हणावे लागेल. गोपाळबाबा वलंगकर हे महार सैनिक १८८६ साली निवृत्त होऊन दापोलीस राहिले आणि १८८८ मध्ये त्यांनी अस्पृश्यतेचा शास्त्राधार तपासणारी ‘विटाळ विध्वंसन’ ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. पडद्याला साजेसे त्यात काही नाही, बंदूक जमा करून आलेला माणूस लेखणी हाती घेतो, एवढेच. पण महाराष्ट्रातील दलित चळवळीच्या आरंभीच्या प्रयत्नांत याच लेखनाची गणना होते. लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच होते.

१८९० च्या दशकात ‘लढवय्या जाती’ या ब्रिटिश कल्पनेपायी महारांची भरती बंद झाली, तेव्हा नोकरीबरोबर शिक्षणाची वाटही बुजली. ती पुन्हा उघडावी म्हणून पेन्शनरांनी अर्जविनंत्या केल्या, दलित चळवळीतील कार्यकर्ते शिवराम जानबा कांबळे यांनीही त्यासाठी सरकारकडे मागणी लावून धरली. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण १९१७ साली उभी राहिली खरी, मात्र गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट स्थापन झाली. तिची पहिली पलटण बेळगावात आणि दुसरी नागपूरलगत कन्हानकाठच्या कामठी छावणीत उभारली गेली.