सुडोकूच्या आधीचा चौकोन

शहापूर-मुरबाडकडची भातशेती बरीचशी उतारावरची. वरच्या खाचरात पाणी ठरत नाही, खालच्यात तुंबून राहतं. बांधाकडची माती वेगळी, ओढ्याकडची वेगळी. अशा जमिनीत जया, रत्ना, कर्जत-३ आणि झिनी या चार भातांची तुलना करायची झाली आणि एकच वाण ओलीच्या जागी लावला, तर जास्तीचा उतारा बियाण्याचा की पाण्याचा, हे सांगता येत नाही.

यावर तोड आहे. शेताचे चार बाय चार असे सोळा वाफे पाडायचे आणि प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या ओळीत एकदाच, प्रत्येक उभ्या ओळीतही एकदाच लावायचा. ओल आणि कोरड, दोन्ही चौघांच्या वाट्याला सारखी येतात.

पेपरातलं सुडोकू सोडवणाऱ्याला हा नियम चांगलाच ओळखीचा आहे. गणितात अशा मांडणीला लॅटिन चौरस म्हणतात. इंग्लंडच्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी विसाव्या शतकात ती शेतीच्या प्रयोगांत रुजवली.

त्याआधी १७८२ मध्ये गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने एक कोडं मांडलं होतं. सहा पलटणींचे, प्रत्येकी सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे असे ३६ अधिकारी चौरसात उभे करायचे. कोणत्याही ओळीत ना पलटण दोनदा यावी, ना हुद्दा. हे जमणार नाही, आणि १०, १४, १८ अशा आकारांतही जमणार नाही, असा त्याचा कयास होता. सहाच्या बाबतीत तो खरा ठरला. बाकीच्यांचा प्रश्न पावणेदोनशे वर्षं लोंबकळत राहिला.

तो सोडवणाऱ्या तिघांत एक मराठी माणूस होता. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ मध्ये मध्य प्रदेशातल्या सागरचा, शिक्षण नागपूरचं. १९५९ मध्ये राजचंद्र बोस यांच्याबरोबर त्यांनी २२ च्या आकाराची मांडणी करून दाखवली. अर्नेस्ट पार्कर यांनी १० ची केली आणि मग तिघांनी मिळून सहाच्या पुढचा सगळा कयास खोटा पाडला. २६ एप्रिल १९५९ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे पुढे १९६३ पासून मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते. २०२० मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षात, ते गेले.

नऊ बाय नऊच्या लॅटिन चौरसाला तीन बाय तीनच्या पेट्यांचा जादा नियम लागला, म्हणजे प्रत्येक पेटीतही प्रत्येक आकडा एकदाच, की सुडोकू होतं. हे कोडं १९७९ मध्ये अमेरिकेत छापलं गेलं. त्याचे जनक हॉवर्ड गार्न्स मानले जातात. १९८४ मध्ये जपानच्या निकोली प्रकाशनाने ते लोकप्रिय केलं आणि २००४ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून ते जगभर पसरलं.

शिकणाऱ्याने मात्र ८१ घरांना एकदम हात घालू नये. सोळा घरांचं, दोन बाय दोनच्या पेट्यांचं कोडं घ्यावं. वरच्या ओळीच्या टोकांना १ आणि ४ आहेत. मधल्या दोन घरांत २ आणि ३ यायचे. वरच्या डाव्या पेटीच्या खालच्या ओळीत २ आधीच बसलेला आहे. म्हणजे १ च्या शेजारी ३, त्यापुढे २. इथे अंदाजाला वाव नाही, पाठांतराचीही गरज नाही. शहापूर-मुरबाडच्या कोणत्याही शाळेत चौथीच्या मुलांना हे एका तासात शिकवता येईल. फळा आणि खडू पुरेत.