ओला ढीग वर ठेवा

गेल्या रमजानच्या आधी मोहल्ल्यातला एक तरुण मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. खजूर विकतो. त्याने ऑनलाइन जाहिरात दिली होती: ‘मदीनेची अजवा, 70 टक्के सूट!’ सोबत काबागृहाचा फोटो. लोक जाहिरातीवर भराभर क्लिक करत होते, पण ऑर्डर येत नव्हत्या आणि क्लिकमागे पैसे मात्र कापले जात होते. “चाचा, जाहिरातीत काय चुकलं?” त्याने विचारलं. त्याला उत्तर देताना मला या धंद्याचा इतिहासच सांगावा लागला.

27 ऑक्टोबर 1994 रोजी अमेरिकेत ‘हॉटवायर्ड’ ही वेबसाइट सुरू झाली आणि तिच्यावर आजच्या बॅनर जाहिरातींच्या पूर्वज झळकल्या. त्यातली एटी अँड टी कंपनीची जाहिरात सर्वांत गाजली. तिच्यात मालाचं नावसुद्धा नव्हतं. इथे कधी क्लिक केलंय का, नसेल तर कराल, एवढाच मजकूर. पाहणाऱ्यांपैकी 44 टक्के लोकांनी क्लिक केलं, असं ती बनवणारे सांगतात. क्लिक करणाऱ्याला पुढे कलासंग्रहालयांची सैर मिळत होती. म्हणजे कुतूहल जागवलं आणि पुढे काहीतरी दिलंही.

नंतर सगळ्यांनी कुतूहल जागवण्याची नक्कल केली, देण्याची केली नाही. चमचमत्या पट्ट्यांचा पूर आला. 1998 मध्ये बेन्वे आणि लेन या अभ्यासकांनी दाखवलं की, हवी असलेली माहिती ठळक बॅनरमध्ये असली तरी लोकांची नजर तिच्यावर ठरत नाही. याला त्यांनी ‘बॅनर अंधत्व’ म्हटलं. त्याच काळात ट्रायपॉड या कंपनीत ईथन झुकरमन यांनी अचानक उघडणाऱ्या खिडकीची, म्हणजे पॉप-अप जाहिरातीची संगणक-आज्ञावली लिहिली. 2014 मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

खरं वळण आलं ते साध्या अक्षरांनी. ऑक्टोबर 2000 मध्ये गूगलने अॅडवर्ड्स सुरू केलं, तेव्हा जाहिरातदार होते सुमारे 350. ना चित्र, ना चमचम. एक छोटा मथळा आणि दोन ओळी. जो माणूस ती वस्तू शोधतोय त्यालाच त्या दिसायच्या. 2002 पासून जाहिरातीचा क्रम केवळ बोलीवर ठरेना. लोक तिच्यावर किती क्लिक करतात हेही मोजलं जाऊ लागलं. पुढे, क्लिकनंतर उघडणारं पान जाहिरातीशी जुळतं का, हेही पाहिलं जाऊ लागलं. फसव्या जाहिरातीला यंत्रच महाग करू लागलं.

पण यंत्र न्यायी असतं असं समजू नये. 2016 मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने दाखवलं की, फेसबुकवर घराची जाहिरात देताना कृष्णवर्णीयांना वगळण्याची सोय होती. ‘मुसलमानांना घर देत नाही’ हे निदान तोंडावर ऐकू येतं. इथे तर नकार मिळाल्याचंही कळत नाही. म्हणून जाहिरात कोणाला दाखवायची आणि कोणाला नाही, हे ठरवणं म्हणजे निव्वळ तांत्रिक काम नव्हे.

एवढं सांगून झाल्यावर मी त्या मुलाला एक हदीस सांगितली, जी त्याला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर आतलं धान्य ओलं लागलं. पावसाने भिजलं, असं विक्रेता म्हणाला. मग ते वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं प्रेषितांनी विचारलं.

“तुझ्या ढिगात काय ओलं आहे?” मी विचारलं. तो जरा थांबला. अजवा त्याच्याकडे होती जेमतेम दोन खोकी. बाकी सगळी मजाफती. सूट होती ती फक्त गेल्या वर्षीच्या मालावर.

आम्ही जाहिरात पुन्हा लिहिली. काबागृह काढलं, उघड्या खोक्याचा फोटो घातला. मजकूर एवढाच: मजाफती खजूर, यंदाचा माल, अर्धा किलोचा भाव, दोन दिवसांत घरपोच. जुन्या मालाची वेगळी जाहिरात केली, त्यात ‘गेल्या वर्षीचा’ हे शब्द सर्वांत आधी. दोन्ही जाहिराती फक्त आमच्या शहरापुरत्या, पण शहरातल्या सगळ्यांसाठी. खजूर काही फक्त रोजा सोडणाराच खात नाही.

क्लिक कमी झाले. ऑर्डर येऊ लागल्या. काही फार मोठा धंदा झाला नाही; पण ईदनंतर भेटला तेव्हा म्हणाला, “चाचा, या वेळी शिव्या देणारा फोन एकही आला नाही.”