'सँक्शन' या शब्दाचे दोन अर्थ : हलब्जा १९८८ आणि त्यानंतर

बँकेतून घरी परतलेला मराठी माणूस 'लोन सँक्शन झाले' असे सांगतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर समाधान असते. तोच माणूस दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात अमुक देशावर 'सँक्शन्स' लादल्याचे वाचतो आणि त्याच शब्दाचा नेमका उलटा अर्थ विनासायास लावतो. मूळ लॅटिन शब्दात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. कायद्याला मान्यतेचे बळ देणे आणि तो मोडणाऱ्यासाठी शिक्षेचे कलम जोडणे या एकाच कृतीच्या दोन बाजू होत्या. मराठीने मात्र 'मंजुरी' आणि 'निर्बंध' असे दोन शब्द वेगळे ठेवून आपला प्रश्न सोडवला. हा भाषिक तपशील येथे नोंदवण्याचे कारण असे की, रासायनिक अस्त्रे वापरणाऱ्या एका राजवटीला १९८८ ते १९९० या काळात जगातील सर्वात बलाढ्य सरकारकडून जे सँक्शन मिळाले, ते आपल्या बँकेतल्या अर्थाचे होते.

हलब्जा हे इराकी कुर्दिस्तानातले, इराणच्या सीमेलगतचे गाव. आधुनिक कुर्दी कवितेचा प्रवर्तक मानला जाणारा अब्दुल्ला गोरान १९०४ साली याच गावी जन्मला. जगाला हे गाव ठाऊक झाले ते मात्र कवितेमुळे नव्हे. इराण-इराक युद्धाच्या शेवटच्या वर्षात, मार्च १९८८ मध्ये, इराणी फौजा आणि त्यांच्या साथीला असलेले कुर्दी पेशमर्गा गावात शिरले. १६ मार्चला इराकी विमाने आली. आधी साधे बॉम्ब पडले, म्हणून लोक सवयीने तळघरांत उतरले. नंतर जे पडले ते मस्टर्ड वायू आणि मज्जासंस्था निकामी करणारी द्रव्ये यांचे मिश्रण होते. हे वायू हवेपेक्षा जड असतात, सखल जागी साचतात. साध्या बॉम्बपासून वाचवणारे तळघर या वायूपुढे सर्वात घातक ठिकाण ठरले. वाचलेल्या अनेकांनी सफरचंदासारखा गोड वास आल्याचे सांगितले आहे. मृतांचा आकडा ३,२०० ते ५,००० असा दिला जातो आणि त्यात बहुसंख्य स्त्रिया, मुले व म्हातारी माणसे होती. दाराशी तान्ह्या मुलाला कवटाळून पालथ्या पडलेल्या बापाचे छायाचित्र जगभर पोहोचले.

येथे एक प्रश्न साहजिकच उद्भवतो. ही गोष्ट अनपेक्षित होती काय? मुळीच नाही. १९२५ च्या जिनिव्हा करारावर इराकने १९३१ सालीच मान्यतेची मोहोर उठवली होती. तरीही मार्च १९८४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी पाठवलेल्या तज्ज्ञांना इराणी रणभूमीवर मस्टर्ड वायू आणि टाबुन यांचा वापर झाल्याचे आढळले होते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानेही त्याच महिन्यात इराकवर जाहीर ठपका ठेवला आणि काही पूर्वद्रव्यांच्या निर्यातीवर बंधने घातली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने इराकशी तुटलेले राजनैतिक संबंध पुन्हा जोडले. पुढच्या वर्षी, १९८५ मध्ये, पूर्वद्रव्यांच्या व्यापारावर लक्ष ठेवण्यासाठी पंधरा देशांचा 'ऑस्ट्रेलिया गट' स्थापन झाला. (भारत त्यात २०१८ साली दाखल झाला.) म्हणजे माहिती होती, यंत्रणाही आकार घेत होती. अडचण वाक्यरचनेची होती.

हे विधान विनोदाने केलेले नाही. मराठी व्याकरणात ज्याला नवीन कर्मणी प्रयोग म्हणतात, तो इंग्रजीच्या वळणाने आलेला आहे अशी तक्रार आपले जुने शिक्षक करत असत. 'रावण रामाकडून मारला गेला' हे त्याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण. या प्रयोगाची सोय अशी की 'रामाकडून' हा शब्द गाळला तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या पुरे राहते. सुरक्षा परिषदेचे त्या दशकातले कागद या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. मार्च १९८४ च्या अध्यक्षीय निवेदनात रासायनिक अस्त्रांच्या वापराचा निषेध आहे, पण कोणाकडून हे नाही. मार्च १९८६ च्या निवेदनात प्रथमच इराकी फौजांकडून असा स्पष्ट उल्लेख आला. परंतु ते निवेदनच होते, ठराव नव्हे. हलब्जानंतर जवळजवळ आठ आठवड्यांनी, ९ मे १९८८ रोजी ठराव क्रमांक ६१२ संमत झाला आणि त्यातून 'कडून' पुन्हा नाहीसा झाला. इराण आणि इराक यांच्यातील संघर्षात अस्त्रांचा वापर होत आहे, तो दोन्ही बाजूंनी थांबवावा, असा त्याचा आशय. इराकचे नाव आहे ते संघर्षाचा अर्धा भाग म्हणून. इराणनेही हलब्जात रासायनिक तोफगोळे डागले असावेत, असे अमेरिकी परराष्ट्र खात्याने मार्चमध्येच सूचित करून ठेवले होते. 'दोन्ही बाजूंनी' हा शब्दप्रयोग त्या सूचनेशी सोयीस्कर जुळणारा होता.

२० ऑगस्ट १९८८ रोजी युद्धविराम लागू झाला. २६ ऑगस्टला परिषदेने ठराव क्रमांक ६२० संमत केला. यापुढे रासायनिक अस्त्रांचा वापर कुठेही व कोणाहीकडून झाला, तर परिणामकारक उपायांचा तातडीने विचार केला जाईल, असे त्यात म्हटले होते. आदल्याच दिवशी, २५ ऑगस्टला, इराकी विमानांनी तुर्कस्तानच्या सीमेलगतच्या बादिनान प्रदेशातल्या कुर्दी खेड्यांवर वायूचे बॉम्ब टाकण्यास सुरुवात केली होती. इराणविरुद्धच्या लढाईतून मोकळे झालेले सैन्य 'अनफाल' या कुर्दविरोधी मोहिमेच्या अखेरच्या टप्प्याला लागले होते. हजारो निर्वासित सीमा ओलांडून तुर्कस्तानात गेले. परिणामकारक उपायांचा विचार काही झाला नाही.

आता वॉशिंग्टनकडे वळू. सेनेटच्या परराष्ट्र संबंध समितीत काम करणाऱ्या पीटर गालब्रेथ या अधिकाऱ्याने एका विधेयकाचा मसुदा केला. (साठीच्या दशकारंभी दिल्लीत अमेरिकेचे राजदूत असलेले अर्थशास्त्रज्ञ जॉन केनेथ गालब्रेथ यांचा हा मुलगा.) समितीचे अध्यक्ष क्लेबोर्न पेल यांनी ते मांडले. पेल यांचे वडील दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युद्धगुन्हे आयोगावर अमेरिकेचे प्रतिनिधी होते, हा तपशील त्यांच्या आस्थेवर प्रकाश टाकतो. त्यांना साथ मिळाली ती जेसी हेल्म्स या कट्टर उजव्या सेनेटरची. दक्षिण आफ्रिकेवरील निर्बंधांना विरोध करणारे हेल्म्स इराकवरील निर्बंधांचे पुरस्कर्ते झाले, यावरून काय ते समजावे. 'वंशसंहार प्रतिबंध विधेयक' असे त्याचे नाव. इराकी तेलाची आयात बंद, कर्जे व कर्जहमी बंद, आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांतील कर्जांना अमेरिकेचा विरोध, दुहेरी उपयोगाच्या वस्तूंची निर्यात बंद, असा त्यातला कार्यक्रम होता. ९ सप्टेंबर १९८८ रोजी, म्हणजे मांडल्याच्या दुसऱ्या दिवशी, सेनेटने ते आवाजी मतदानाने एकमुखाने संमत केले.

रेगन सरकारने विरोध केला. येथे सरकारची बाजू नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती सरळ खोटेपणाची नव्हती. परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांनी ८ सप्टेंबरलाच वॉशिंग्टनला आलेल्या इराकी मंत्र्याला वायुप्रयोगाबद्दल कडक शब्दांत सुनावले होते. वापर झाला हे सरकार नाकारत नव्हते. त्याचे म्हणणे एवढेच की निर्बंध अकाली ठरतील आणि इराकवरचा प्रभाव हातचा जाईल. या प्रभावाचा पाया होता धान्य. अमेरिकी व्यापारी इराकला गहू-तांदूळ उधारीवर विकत, आणि इराकने पैसे बुडवल्यास भरपाईची हमी अमेरिकेच्या कृषिखात्याची असे. इराक हा अमेरिकी तांदळाचा मोठा गिऱ्हाईक होता. तांदूळ पिकवणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींना हे विधेयक आपल्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय देणारे वाटले. प्रतिनिधिगृहात विधेयक पातळ झाले आणि शरद ऋतूत अधिवेशन संपताना ते बारगळले. जानेवारी १९८९ मध्ये पॅरिसला १४९ देशांची परिषद भरली, जिनिव्हा कराराचा पुनरुच्चार झाला, इराकचे नाव निघाले नाही. ऑक्टोबर १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी इराकशी संबंध दृढ करण्याचे धोरण सही करून पक्के केले. पुढच्या वर्षासाठी धान्यखरेदीच्या कर्जहमीपोटी एक अब्ज डॉलर सँक्शन झाले.

पेल-हेल्म्स विधेयक कायदा झाले असते तर कुर्द वाचले असते काय? हलब्जाचे लोक तर तोवर मेलेलेच होते, आणि अनफालही सप्टेंबरमध्ये संपत आली होती. परंतु युद्धाने कर्जबाजारी झालेल्या बगदादला त्या घडीला पतपुरवठ्याचीच सर्वाधिक गरज होती, हे विसरता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, दबाव कामी येण्याची शक्यता सर्वात जास्त होती तेव्हाच तो टाळला गेला. आणि हो, 'टाळला गेला' हे वाक्य मीही कर्त्यावाचून लिहिले आहे. तो रेगन आणि बुश यांच्या सरकारांनी टाळला.

निर्बंध आले ते २ ऑगस्ट १९९० च्या कुवेतवरील स्वारीनंतर, अवघ्या चार दिवसांत. ठराव क्रमांक ६६१ ने इराकचा जवळजवळ सगळा व्यापार थांबवला. एप्रिल १९९१ च्या ठराव क्रमांक ६८७ ने रासायनिक अस्त्रांचा साठा देखरेखीखाली नष्ट करण्याची अट घातली आणि निर्बंध उठणे तिच्याशी बांधले. १९८८ ला जे अकाली होते ते आता तेरा वर्षे चालले. मे २००३ पर्यंत. पाणी शुद्ध करणाऱ्या क्लोरीनची आयातही संशयाच्या फेऱ्यात अडकली. १९१५ साली ईप्रच्या रणभूमीवर जर्मनांनी सोडलेला वायू क्लोरीनच होता, तेव्हा संशय निराधार नव्हता, पण गढूळ पाणी पिणाऱ्या मुलाला हा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. 'तेलाच्या बदल्यात अन्न' योजनेचे प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये, तर त्यांचे उत्तराधिकारी हान्स फॉन श्पोनेक यांनी २००० मध्ये निषेधार्थ राजीनामा दिला. पाच लाख बालमृत्यूंचा तेव्हा गाजलेला आकडा मात्र टिकला नाही. ज्या पाहणीवर तो आधारलेला होता, तिच्यात इराकी राजवटीने फेरफार केला होता, असे संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले. हाल खरे होते, आकडा बनावट होता. दोन्ही गोष्टी एकदम लक्षात ठेवण्याची सवय आपल्या वादविवादांना नाही.

या साऱ्यात कुर्दांचे काय झाले? कुर्दिस्तान कायद्याने इराकचाच भाग, म्हणून इराकवरचे निर्बंध त्यांनाही लागू. शिवाय ऑक्टोबर १९९१ पासून सद्दामने उत्तरेकडची स्वतःची रसद तोडली. ज्यांच्यावर वायू सोडला त्यांच्यावर जगाचाही निर्बंध आणि वायू सोडणाऱ्याचाही!

अमेरिकेत १९९१ च्या अखेरीस रासायनिक व जैविक अस्त्रांच्या वापराविरुद्ध कायदा झाला. त्याआधी, १९९० मध्ये, अशाच तरतुदी असलेले विधेयक बुश यांनी सही न करता मरू दिले होते. १९९१ च्या कायद्याचे वैशिष्ट्य म्हणजे तो कर्ता लिहायला लावतो. अमुक सरकारने वापर केला, असा निष्कर्ष राष्ट्राध्यक्षाने काढला की मदत, शस्त्रविक्री, सरकारी कर्ज आपोआप थांबते. तीन महिन्यांत त्या सरकारने हमी देऊन तपासणीला दारे उघडली नाहीत, तर दुसरी, अधिक कडक फेरी येते. अर्थात राष्ट्रहिताच्या नावाने सूट देण्याची खिडकीही त्यात आहे. सीरिया (२०१३), उत्तर कोरिया (२०१८), रशिया (२०१८ व २०२१) आणि सुदान (२०२५) यांच्यावर तो लागू झाला. यांपैकी एकही अमेरिकी तांदळाचा मोठा गिऱ्हाईक नव्हता.

द्रव्ये पुरवणाऱ्या युरोपीय व्यापाऱ्यांपैकी फ्रान्स फान आन्राट या डच माणसावर हेगच्या न्यायालयात खटला चालला. मस्टर्ड वायूचे पूर्वद्रव्य त्याने हजाराहून अधिक टन पुरवले होते. २००५ मध्ये युद्धगुन्ह्यांतील सहभागासाठी त्याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती सतरा वर्षांची झाली. सद्दामला डिसेंबर २००६ मध्ये दुजैलच्या हत्याकांडासाठी फाशी दिले, तेव्हा अनफालचा खटला अर्धवटच होता. हलब्जासाठी फाशी झाली ती त्याचा चुलतभाऊ अली हसन अल-मजीद याला, जानेवारी २०१० मध्ये.

सप्टेंबर २००३ मध्ये हलब्जात मृतांचे स्मारक उभे राहिले. उद्घाटनाला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल आले होते. १९८८ साली, विधेयक बारगळले तेव्हा, हेच पॉवेल रेगन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार होते. पुढे परदेशी पाहुण्यांना स्मारक दाखवण्याचा परिपाठ पडला. १६ मार्च २००६ रोजी, स्मृतिदिनीच, गावातल्या तरुणांनी, त्यांत बरेच विद्यार्थी होते, त्या स्मारकाला आग लावली. पुढारी स्मारकापर्यंत येतात आणि तिथूनच परततात, गावाला ना रस्ते ना पाणी, अशी त्यांची तक्रार होती. बंदोबस्तावरच्या शिपायांनी गोळीबार केला आणि एक मुलगा त्यात ठार झाला. स्मारक नंतर पुन्हा बांधले.